हीट पंपाचा ग्रँटवाला

चिडलेल्या माणसांकडे किस्से फार असतात. खूश माणूस "मस्त चाललंय" म्हणतो आणि विषय संपतो. चिडलेला माणूस मात्र तुम्हाला दारात धरतो, गाडीपर्यंत सोडायला येतो आणि काच खाली करायला लावून उरलेलं सांगतो! मी काही वर्षं अशी नोकरी केली की समोरचा माणूस बहुतेक वेळा चिडलेलाच असायचा. आणि मीही. त्यामुळे माझ्याकडे साठा पुष्कळ आहे.

नोकरी कसली, तर सांगतो.

ओटावाच्या कनाटा भागात टेलिकॉम कंपन्या धडाधड कोसळल्या, त्यात माझाही लेऑफ झाला. तोवर मी लॅबमध्ये सर्किट बोर्ड टेस्ट करायचो. मग घरं टेस्ट करायला लागलो. त्या काळात फेडरल सरकारची एक स्कीम होती. घर तापवणारी जुनी ऑइल फर्नेस, म्हणजे तेलाची भट्टी, काढा, तिच्या जागी हीट पंप बसवा, सरकार ग्रँट देईल. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली नाहीतर जमिनीतली ऊब ओढून घरात आणतो. (बाहेर उणे वीस असताना कसली डोंबलाची ऊब, हे मला रोज कोणीतरी विचारायचं. असते. सोडा.)

अट एवढीच की काम करण्याआधी मान्यताप्राप्त ऑडिटर येऊन घर तपासणार आणि काम झाल्यावर पुन्हा येऊन तपासणार. तो ऑडिटर म्हणजे मी. सरकारमान्य, पण सरकारी नाही! पगार एका छोट्या खाजगी कंपनीचा आणि शिव्या सरकारच्या वाट्याच्या.

कंपनी तरी केवढी? मालक ग्लेन, लुधियानाचा मनजीत, नागपूरचा मी, आणि फोन सांभाळायला क्युबेकमधल्या गॅटिनोहून येणारी लुईझ. आमचं हत्यार म्हणजे एक पंखा. घराच्या पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवायचा आणि त्यात ढोलाएवढा पंखा लावायचा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून थंड हवा आत घुसते आणि शिट्टी वाजते. घर किती गळकं आहे ते असं कळतं.

माझ्या मुलीला, इशाला, शाळेत विचारलं की तुझे डॅड काय करतात. ती म्हणाली, "ही मेक्स हाउसेस व्हिसल, अँड देन पीपल येल अ‍ॅट हिम."

याहून अचूक जॉब डिस्क्रिप्शन ग्लेनलाही कधी जमलं नव्हतं!

* * *

सुरुवातीच्याच दिवसांतली गोष्ट. रिचमंडच्या पुढे शेतांमध्ये एक घर. जेसन नावाचा तरुण आणि त्याची बायको. मी पोचलो तर दोघं पोर्चवर उभे, चेहऱ्यावर लग्नाचा अल्बम दाखवायचा आनंद. "कम, कम, बेसमेंटमध्ये चला!"

बेसमेंटमध्ये नवाकोरा हीट पंप. जमिनीतून ऊब घेणारा. मागच्या अंगणात ड्रिलिंग करून, पाइप पुरून, वर माती लोटून सगळं काम झालेलं. ऑइल फर्नेस केव्हाच भंगारात.

मी विचारलं, "कामाच्या आधीचं ऑडिट कोणी केलं?"

जेसन म्हणाला, "आधीचं? कसलं आधीचं?"

आधीचं ऑडिट नाही तर ग्रँट नाही. बिचाऱ्यांनी जाहिरात वाचली आणि सरकारच्या आधीच सरकारचं ऐकलं! मी म्हटलं, थांबा, हेल्पलाइनला विचारू. फोन स्पीकरवर लावला. पुष्कळ वेळ संगीत ऐकलं. मग एक बाई आल्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, सुपरवायझरला विचारते. पुन्हा संगीत. मग परत आल्या.

"सर, तपासणी होईपर्यंत तो पंप काढून ठेवता येईल का?"

जेसन माझ्याकडे बघायला लागला. त्याची बायको तर जिन्याच्या पायरीवरच बसली. मी संतापलो की माझं नागपुरी बाहेर पडतं, आणि ते कोणत्या देशात पडतंय हे बघत नाही. मी फोनवर ओरडलो, "अवो बाई, काय सांगून राहिल्या तुम्ही! जमिनीत विहिरीएवढी भोकं पाडून पाइप पुरलेत. तो काय स्वेटर आहे काढून ठेवायला?"

पलीकडून अतिशय नम्र आवाज आला.

"सर, फ्रेंचसाठी दोन दाबा."

* * *

डॉक्टर भागवतकाका साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात आले. आता रिटायर्ड. ओटावातल्या आम्हा सगळ्या मराठी लोकांचे ते काका आणि त्यांची बायको आमची काकी. कनाटाच्या पश्चिमेला, गॅसची लाइन जिथे पोचत नाही अशा जागी त्यांचं जुनं घर आणि त्यात धूर ओकणारी ऑइल फर्नेस. हीट पंपाचा विचार करा म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो.

पंखा लावायच्या आधी घरातली सगळी आग बंद करावी लागते. शेकोटी, स्टोव्ह, सगळं. काकीच्या देवघरात निरांजन तेवत होतं.

मी म्हटलं, "काकी, तो दिवा विझवावा लागेल."

काकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घरात बूट घालून शिरलोय की काय असं वाटलं. "दिवा विझवतात का रे? शांत करतात."

"मग शांत करा."

"त्याचा तो होईल. सरकारच्या पंख्यासाठी मी दिव्याला हात लावणार नाही."

झालं! दिव्यात तूप असेपर्यंत मी चिवडा खात बसलो. समोर काका. मग त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"ही भिंत बघतोस? आम्ही घर घेतलं त्यानंतर सरकार म्हणालं, भिंतीत फोम भरा, ऊब टिकेल. ग्रँट दिली. आम्ही भरला. थोडी वर्षं गेली आणि सरकार म्हणालं, अरे, या फोममधून वाईट वायू सुटतो! बंदी घातली. मग तोच फोम काढायला पुन्हा मदत दिली. आम्ही भिंती फोडल्या आणि काढला. तुझ्या काकीचे डोळे सतत चुरचुरायचे तेव्हा. मी डॉक्टर! मी तिला अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देत होतो!"

काकांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांनंतरही. मला वाटलं होतं की ते हसत हसत सांगतील. ते हसत नव्हते.

"भरायलाही तेच, काढायलाही तेच. आणि आता तू आलायस."

मी म्हटलं, "काका, हीट पंपात काही विषारी नसतं हो."

"फोमवालाही हेच म्हणाला होता!"

तेवढ्यात देवघरातून काकीचा आवाज आला. "दिवा शांत झाला रे! लाव तुझा पंखा."

मी पंखा लावला. त्या फोडलेल्या, पुन्हा लिंपलेल्या भिंतींमधून अशी शिट्टी वाजली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. काकांनी कानामागे हात धरला.

"ऐक," ते म्हणाले. "सरकार बोलतंय!"

* * *

जानेवारी. हवा अशी की श्वास घेतला तर नाकातले केस गोठतात. एका मोठ्या घराची बेल मी वाजवली. मालकाने दार बोटभर उघडलं. माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे व्हॅनकडे पाहिलं.

"इन्स्पेक्टर कुठे आहे?"

"मीच."

"नाही, म्हणजे खरा इन्स्पेक्टर."

आणि दार बंद! मी पोर्चवर, हातात पंखा. आत त्याने आमच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर. मला सगळं ऐकू येत होतं, कारण दार एक नंबरचं गळकं होतं.

"इथे एक माणूस मोठा पंखा घेऊन आलाय. तो इन्स्पेक्टर आहे म्हणतोय."

लुईझ म्हणाली, "मस्यू, तो दाराबाहेर उभा आहे?"

"हो."

"मग त्याला तुमचं बोलणं ऐकू येतंय. तो आत्ता तुमच्या दाराचे मार्क कापतोय."

दार लगेच उघडलं! मग "कॉफी घेणार का", मग "सॉरी, हल्ली कोणीही येतं हो". मी कॉफी घेतली नाही. काम केलं. मी इंजिनिअर होऊन, पुढे मास्टर्स करून या देशात आलो होतो, आणि त्याच्या सोफ्यामागे ओणवा होऊन फट शोधताना माझ्या कानशिलातली शीर उडत होती.

निघताना त्याने विचारायचं ते विचारलंच. "सो, व्हेअर आर यू फ्रॉम?"

"बारहेवन." माझं घर तिकडे आहे.

"नो नो. ओरिजिनली?"

"ओरिजिनली कनाटा," मी म्हटलं. "तिथून हाकललं."

* * *

मंदार आणि शिल्पा कुलकर्णी, दोघंही सॉफ्टवेअरमधले, दोघंही पुण्याचे, दोघंही इतके सभ्य की टेलिमार्केटरलासुद्धा "हॅव अ नाइस डे" म्हणून फोन ठेवतात. कार्पच्या रस्त्यावर त्यांचं घर. पहिलं ऑडिट मी केलं. सगळं रीतसर.

मग त्यांच्या दारात एक माणूस आला. गळ्यात फोटोचं कार्ड, हातात क्लिपबोर्ड. म्हणाला, "मी ग्रँट प्रोग्रॅमकडून आलोय." नव्हता! तो एका हीट पंप बसवणाऱ्या कंपनीचा सेल्समन होता. पण मंदारने त्याला आत बसवलं, चहा दिला आणि सही केली.

ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीची माणसं आली, जुनी फर्नेस उचकटून घेऊन गेली. आणि मग गायब! पंप "ऑर्डरवर आहे". पहिला बर्फ पडला, पंप ऑर्डरवर. दुसरा पडला, तरी ऑर्डरवर. घरात प्लगवर चालणारे छोटे हीटर. दोन एकदम लावले की फ्यूज उडायचा. आणि नेमकी त्याच वर्षी मंदारची आई पुण्याहून आलेली. मी भेटायला गेलो तर आई सोफ्यावर मंकी कॅप, शाल आणि वर मुलाचं विंटर जॅकेट घालून बसलेल्या.

मला म्हणाल्या, "आमच्याकडे दारात माणूस आला तर आधी 'काय काम आहे' असं विचारतात. नंतरही आत घेत नाहीत. इथे येऊन ही दोघं एवढंसुद्धा विसरली!"

मंदार म्हणाला, "आई, तो फार पोलाइट होता गं."

"फसवायला आलेला माणूस काय भांडत येणार आहे?"

मंदार रोज ई-मेल करायचा. "काइंडली लुक इनटू धिस." माझा इतका संताप व्हायचा! मी म्हटलं, अरे, काइंडली काय काइंडली? आई गारठून राहिली तुझी!

शेवटी आईच उठल्या. शिल्पाला म्हणाल्या, "मला त्यांच्या दुकानात ने." त्या कंपनीची शोरूम होती. आत एक हीट पंप नमुन्यादाखल चालू ठेवलेला, सगळीकडे मस्त ऊब. आईंनी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली, मंकी कॅप काढली, डबा उघडला आणि पोळीभाजी खायला लागल्या.

मॅनेजर आला. "कॅन आय हेल्प यू?"

आई शिल्पाला म्हणाल्या, "सांग त्याला. घरात थंडी आहे, म्हणून मी इथे राहायला आले."

शिल्पाने सांगितलं. मॅनेजर हसला. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा हजर. आता विणकामासकट! जो ग्राहक आत येईल तो विचारायचा, या आजी कोण? आई मराठीत सांगायच्या, शिल्पा इंग्रजीत सांगायची. आणि शिल्पाने, जी आयुष्यात कधी कोणाला उलटून बोलली नव्हती, एक शब्दसुद्धा मऊ केला नाही. ग्राहक ऐकायचे आणि परत जायचे.

त्याच आठवड्यात ऑर्डरवरचा पंप अचानक सापडला. माणसं आली, बसवला, चालू केला. मॅनेजर स्वतः आला होता. शिल्पाला म्हणाला, "आता तुमच्या सासूबाई दुकानात येणार नाहीत ना?"

शिल्पाने विचारलं. आईंनी पंपासमोर हात धरून बघितला, पाठ धरून बघितली.

"म्हणावं, डबा भरायचा की नाही ते उद्या सकाळी ठरवते!"

* * *

मनजीत एका घरी कामानंतरच्या तपासणीला गेला होता. पंप बसलेला, जुनी ऑइलची टाकी काढलेली, सगळं चकाचक. मनजीत बेसमेंटमध्ये उभा राहून फोटो काढत होता. बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. त्याने लक्ष दिलं नाही.

काही क्षणांत भिंतीतल्या पाइपमधून भसाभसा ऑइल!

झालं होतं असं की कंत्राटदाराने टाकी नेली, पण बाहेरच्या भिंतीतून टाकीत ऑइल भरायचा जो पाइप असतो, तो तसाच ठेवला. ऑइल कंपनीला कोणी कळवलं नाही. त्यांचा ड्रायव्हर नेहमीसारखा आला, नळी जोडली, चालू केली.

मनजीतने अंगातला पार्का, म्हणजे हिवाळ्याचा जाड कोट, काढला, गोळा केला, पाइपच्या तोंडात कोंबला आणि "ओए! बंद कर! बंद कर ओए!" असं ओरडत जिना चढून बाहेर धावला. बर्फात, शर्टवर, पगडीला ऑइल.

ड्रायव्हरने त्याला बघून हात हलवला.

"नो वरीज, सर! जस्ट टॉपिंग यू अप!"

कार्पेट गेलं, पार्का गेला आणि घरच्यांना बरेच दिवस मोटेलमध्ये राहावं लागलं. तो कंत्राटदार फोनवर म्हणाला की पाइप काढणं "आमच्या स्कोपमध्ये नव्हतं". मनजीत सहसा चिडत नाही. त्या दिवशी ऑफिसात आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "सुनीलभाई, मराठी में सबसे बुरी गाली कौन सी है? पंजाबी वाली सारी खतम हो गयी."

मी दिली. नागपूरची.

* * *

आता हा किस्सा सांगताना मला आजही घाम फुटतो, रागाने.

डॉना स्कूल बस चालवायची. तिचा नवरा रे फुप्फुसाच्या आजाराने घरीच असायचा, नाकात ऑक्सिजनची नळी. ऑइल फर्नेसच्या धुराने त्याचा खोकला वाढायचा. डॉनाने हीट पंपाची सगळी माहिती काढली होती, कंत्राटदार ठरवला होता. फक्त माझी पहिली तपासणी बाकी होती. ठरलेल्या दिवशी फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस, झाला, रस्ते काचेसारखे. आम्ही अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

मी गेलो त्या दिवशी लख्ख ऊन होतं. डॉना बसची फेरी संपवून थेट आली होती. मी व्हॅनमधून पंखा काढला, ड्राइव्हवेवर ठेवला आणि ग्लेनचा फोन आला.

"पंखा लावू नकोस."

"का?"

"स्कीम बंद झाली. आत्ता. ज्यांचं पहिलं ऑडिट झालंय ते पुढे जातील. नव्यांना नाही."

"अरे, मी घरासमोर उभा आहे!"

"आय नो, सनी." ग्लेन मला सनी म्हणायचा. "आय नो."

मी डॉनाला सांगितलं. तिला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलंय. ती शांतपणे, शाळेतल्या मुलांना समजवावं तशी बोलली.

"हे बघ. तू इथे आहेस. पंखा इथे आहे. घर इथे आहे. बंद काय झालं?"

खिडकीत रे दिसत होता. त्याने मला बघून हात केला. डॉनाने तोंडातून एक अपशब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. तिने पंखा उचलायला मला मदत केली! मी पुढच्या वळणावर व्हॅन थांबवली आणि स्टीअरिंगवर मुठी आपटल्या.

ऑफिसात गेलो तर फोन सगळे खणखणत होते. सगळ्यांना शिव्या द्यायच्या होत्या आणि सरकारचा फोन लागत नव्हता. लुईझ एकेकाला "वी, मस्यू", "यू आर राइट, मॅडम" म्हणत होती. मग तिने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि "ताबर्नाक!" अशी खास क्युबेकची शिवी हासडली. पलीकडचा माणूस म्हणाला, "एक्झॅक्टली!"

मनजीत म्हणाला, "ये सरकार है या सास? कल तक तो बेटा बेटा कर रही थी!"

त्या महिन्याअखेर ग्लेनने मला आणि मनजीतला काढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मला सवय होती.

वर्षभराने सरकारला जाग आली आणि स्कीम पुन्हा सुरू झाली. ग्लेनने आम्हाला परत बोलावलं. मी पहिला फोन डॉनाला लावला. उचलला घराच्या नव्या मालकाने, नंबर त्याने तोच ठेवला होता. रे वारला होता, डॉना घर विकून बहिणीकडे गेली होती, कुठे ते त्याला माहीत नव्हतं.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्ही हीटिंगवाले का? इथे जुनी ऑइल फर्नेस आहे. त्याला काही ग्रँट वगैरे मिळते का?"

* * *

आणि हा एक. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

स्कीम पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिला हिवाळा. ओटावातल्या जुन्या वस्तीतलं विटांचं घर. दार साठीच्या एका बाईंनी उघडलं, मार्गरेट. चहा तयार होता. त्यांचा नवरा पीटर पॅसेजमध्ये उभा होता, घरात असून अंगात कोट.

मार्गरेट म्हणाल्या, "गेल्या वेळीसुद्धा मी तुमच्याच कंपनीची अपॉइंटमेंट घेतली होती. तुम्ही येणार होतात त्याच्या आदल्या दिवशी स्कीम बंद झाली."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं होतं की माझं उत्तर तयार असायचं. मी सुरू झालो. लोकांना कसं वाऱ्यावर सोडलं, एका दुपारीत कसं दार आपटलं, आमच्या नोकऱ्या कशा गेल्या. शेवटी म्हटलं, "हे ज्यांनी केलं ना मॅडम, त्यांच्यातला एक तरी मला एकदा समोरासमोर भेटायला हवा!"

मार्गरेटनी कप बशीत ठेवला.

"भेटा," त्या म्हणाल्या. "हा काय."

मी पीटरकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही.

"निर्णय माझा नव्हता," तो म्हणाला. "पण मी त्या खात्यात आहे. मला आधी कळलं होतं."

"मी या टेबलावर बसून अपॉइंटमेंट घेतली," मार्गरेट म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, त्याच्याशी नाही. "हा समोर टोस्ट खात होता. मी तारीख मोठ्याने वाचली. विचारलं, चालेल ना तुला? हा म्हणाला, 'शुअर.' तेव्हा माझी आई वरच्या खोलीत होती. स्वेटरवर स्वेटर घालून. आणि हा म्हणाला, 'शुअर.'"

"बाहेर कोणालाच सांगायचं नव्हतं," पीटर म्हणाला. "मी एका घराला सांगितलं असतं तर ते इतरांवर..."

"मी 'एक घर' नाही, पीटर. मी तुझी बायको आहे."

वर्षभर साठवलेल्या सगळ्या शिव्या माझ्या तोंडात होत्या, नागपूरच्या, लुधियानाच्या, क्युबेकच्या. ज्याला द्यायच्या तो माणूस समोर होता. मी पडदा ताणला, पंखा लावला.

घर गळकं होतं, पण सगळ्यात वाईट बेसमेंट. पीटर मला खाली घेऊन गेला. तिथे एक सिंगल बेड होता, घडी घातलेलं ब्लँकेट, खिळ्याला लटकवलेले ऑफिसचे टाय. खिडकीच्या चौकटीतून गार हवेचा झोत थेट उशीवर येत होता. पीटरने त्याच्यासमोर हात धरला.

"इथे सगळ्यात जास्त येते," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसती माहिती.

जिन्याच्या वरून मार्गरेटचा आवाज आला. "प्रत्येक खोलीला भिंतीवरचं वेगळं युनिट बसतं म्हणे. खरं का?"

"खरं आहे, मॅडम."

"मग सगळ्या खोल्या लिहा. बेसमेंट सोडून."

मी पीटरकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हटलं, "सर, सगळ्यात जास्त गरज तर इथेच आहे."

त्याने उशी थोडी बाजूला सरकवली.

"ती सांगतेय तसंच लिहा," तो म्हणाला.

मी तसंच लिहिलं.